ओळखीच्या चेहऱ्याचे मेलेले शब्द

या वर्षी एका स्नेह्यांनी मला टेबलावर ठेवायची दिनदर्शिका भेट दिली. रोज एक विसरलेला इंग्रजी शब्द, खाली त्याचा अर्थ आणि कोपऱ्यात एक नाजूक चित्र. पहिल्याच आठवड्यात ‘ॲप्रिसिटी’ आला. हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब, असा त्याचा अर्थ. त्यानंतर हाच शब्द मला एका कवीच्या मनोगतात, एका साहित्य महोत्सवातल्या निवेदनात आणि एका मराठी ललित लेखाच्या शीर्षकात भेटला. सगळीकडे हळहळ एकच: असा देखणा शब्द इंग्रजीनं गमावला कसा?

गमावला नाही. तो इंग्रजीकडे कधी नीट आलाच नव्हता. हेन्री कॉकरम यांनी १६२३ साली कठीण शब्दांचा एक कोश छापला, त्यात लॅटिन ‘ॲप्रिकस’वरून, म्हणजे ‘उन्हात असलेला’ या शब्दावरून आलेली ही नोंद आहे. कदाचित ती त्यांनी स्वतःच घडवली असावी. लंडनच्या बाजारात किंवा डेव्हनच्या शेतात कुणी आजोबा अंगणात बसून हा शब्द बोलत होते आणि पुढे तो कालौघात हरवला, असं काही झालेलं नाही. सोळाव्या-सतराव्या शतकात असे शब्द ढिगानं तयार होत होते आणि इंग्रज स्वतःच त्यांना ‘इंकहॉर्न’ शब्द, म्हणजे शाईच्या शिंगातून सांडलेले शब्द, म्हणून हिणवत होते. आपण मराठीत ऊन खात बसतो, माझे हिंदी शेजारी धूप सेंकतात, बंगाली मित्र रोद पोहातात. तीन भाषांत तीन जिवंत क्रियापदं असताना आपण न जगलेल्या एका नामासाठी सुतक पाळतो आहोत.

माझं भांडण त्या दिनदर्शिकेशी नाही. तिनं कुणाचं काही बिघडत नाही. भांडण आहे ते लक्ष भलतीकडे जाण्याशी. कालबाह्य इंग्रजी शब्द म्हटलं की आपल्याला असे अनोळखी, गमतीदार आवाजाचे शब्द आठवतात. ते निरुपद्रवी असतात, कारण शब्द अनोळखी असला की भाषांतरकार थांबतो आणि कोश उघडतो. नुकसान करतात ते दुसरेच: ज्यांचा चेहरा रोजच्या ओळखीचा आहे, स्पेलिंग तेच आहे, पण ज्यांचा त्या काळचा अर्थ मेलेला आहे. तिथे कुणी थांबत नाही. मीही थांबले नव्हते. ते पुढे सांगते.

मी इंदूरची. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी. साताऱ्याहून आजी पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा ‘शिक्षा विभाग’ ही पाटी वाचून म्हणाली होती, ‘‘एवढं मोठं खातं? नुसतं शिक्षेचं?’’ आमच्यासारख्या दोन भाषांच्या मध्ये वाढलेल्यांना हे खेळ लहानपणीच कळतात. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, बंगालीत प्रयत्न. मराठीत संसार स्वयंपाकघरापासून सुरू होतो, हिंदीत तो अख्खं जग असतो. दोन भाषांमधला फसवा मित्र आपण ओळखतो. पण एकाच भाषेत, दोनशे वर्षांच्या अंतरावर तोच फसवा मित्र उभा असतो, तेव्हा आपण त्याला खरा समजून घरात घेतो. ज्ञानेश्वरी शब्दार्थाशिवाय वाचण्याचं धाडस आपल्यातले फार थोडे करतील. अठराव्या शतकातलं इंग्रजी मात्र आपण तळटीप न घेता वाचतो, कारण आपण ‘इंग्लिश मीडियम’चे.

जेन ऑस्टिनचं ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ १८१३चं. त्यात एलिझाबेथ आपल्या थोरल्या बहिणीच्या, जेनच्या ‘कँडर’चं कौतुक करते. आजचा कोणताही भाषांतरकार ‘कँडिड’ म्हटलं की न बघता ‘स्पष्टवक्ती’ लिहील. आता ही जेन कोण? जी कुणाबद्दल वाईट बोलत नाही, प्रत्येकाच्या वागण्याचा चांगलाच अर्थ लावते, आणि मनातलं प्रेम इतकं झाकून ठेवते की त्यापायी तिचं लग्न मोडायची वेळ येते. ती स्पष्टवक्ती? त्या काळी ‘कँडिड’चा अर्थ निर्मळ मनाची, दुसऱ्याबद्दल किल्मिष न बाळगणारी. मूळ लॅटिन ‘कँडिडस’, पांढराशुभ्र. रोममध्ये पद मागायला उभे राहणारे शुभ्र झगे घालत, म्हणून ‘कँडिडेट’. (आपल्याकडचे उमेदवारही शुभ्रच घालतात, पण ते राहू द्या.) एका शब्दानं एक आख्खं माणूस उलटं होतं. त्याच कादंबरीतले मिस्टर कॉलिन्स लेडी कॅथरीनच्या ‘कंडिसेन्शन’चे गोडवे गातात. आज हा शब्द शिवीसारखा आहे: वरून खाली बघत केलेली मेहेरबानी. तेव्हा तो गुण होता, मोठ्या माणसानं आपली पायरी उतरून लहानाशी गोडीनं बोलणं. ऑस्टिनबाई हसताहेत, हे खरं, पण त्या कॉलिन्सला हसताहेत. ‘तुच्छतापूर्ण वागणूक’ असं लिहिलंत तर कॉलिन्स त्या बाईंची निंदा करतो आहे असं होईल, आणि विनोद जागीच मरेल.

किंवा ‘डीअर’ घ्या. जुन्या इंग्रजीत हा शब्द कोणत्याही पशूला लावत. जर्मन ‘टीअर’ अजून त्याच अर्थानं जिवंत आहे. ‘किंग लिअर’मध्ये वेडाचं सोंग घेतलेला एडगर आपण काय काय खाऊन जगलो ते सांगतो, तेव्हा उंदरांच्या पंगतीत जो ‘डीअर’ येतो तो हरीण नव्हे, बारीकसारीक जनावर. इथे भारतीय भाषांतरकाराला खरं तर इंग्रजापेक्षा सोपं आहे, कारण आपल्याकडे ‘मृग’ हा शब्द अगदी याच वाटेनं गेला. संस्कृतात मृग म्हणजे आधी कोणतंही वन्य जनावर, मग हरीण. म्हणून तर सिंह हा मृगेंद्र, माकड हे शाखामृग, आणि डुकराच्या शिकारीलाही मृगया. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच चूल मांडली. तौलनिक साहित्याच्या वर्गात मला हे कुणी सांगितलं असतं तर मी जन्मभर ऋणी राहिले असते. तिथे आम्हाला भाषांतराच्या सिद्धांतावर बेन्यामिनपासून स्पिवाकपर्यंत सगळे होते. शब्दकोश कसा वाचायचा, यावर दोन वर्षांत एक तास नव्हता.

आता माझी चूक.

बारा वर्षांपूर्वी एका प्रकाशकांसाठी मी कंपनीकाळातल्या निवडक इंग्रजी कागदपत्रांचं मराठी भाषांतर केलं. ‘फॅक्टरी’ला मी कारखाना म्हटलं नाही, एवढं शाळेतल्या इतिहासानं शिकवलं होतं. ‘फॅक्टर’ म्हणजे व्यापारी अडत्या, तो जिथे बसतो ती फॅक्टरी; आपल्या पूर्वजांनी तिला नेमका ‘वखार’ हा शब्द दिला होता. ‘रायटर’ म्हणजे लेखक नव्हे, कंपनीचा खालच्या पायरीचा कारकून, हेही ठाऊक होतं. कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमध्ये कादंबऱ्या लिहिल्या जात नव्हत्या. मी स्वतःवर खूश होते. आणि मग ‘इन्व्हेस्टमेंट’ आला. मी ‘गुंतवणूक’ लिहिलं आणि पुढे गेले. दुसरं काय लिहिणार? बँकेत, वर्तमानपत्रात, जाहिरातीत दिवसातून दहादा भेटणारा शब्द.

पुस्तक छापून आल्यावर दोन वर्षांनी बडोद्याच्या एका निवृत्त मराठी गृहस्थांचं पत्र आलं. सुरेख अक्षर, तक्रारीचा सूर नाही. त्यांनी एवढंच लिहिलं होतं: ‘बाई, पान ११२. कंपनीनं बंगालमध्ये पैसे कधी गुंतवले?’

मी शोधायला बसले आणि घाम फुटला. कंपनीच्या कागदांत ‘इन्व्हेस्टमेंट’ म्हणजे युरोपात पाठवण्यासाठी इथे खरेदी केलेला माल, किंवा त्या खरेदीसाठी बाजूला काढलेली रक्कम. हा शब्द पैशाच्या अर्थानं इंग्रजीत आला तोच मुळी १६१०च्या दशकात, ईस्ट इंडियाच्या व्यापाराच्या संदर्भात, बहुधा इटालियन व्यापाऱ्यांच्या बोलीतून. मूळ लॅटिन ‘वेस्टिस’, वस्त्र. आपल्या ‘वस्त्र’ शब्दाचा लांबचा भाऊ. ‘इन्व्हेस्ट’ म्हणजे वस्त्र चढवणं. हातातल्या चांदीला दुसरं वस्त्र चढवायचं: चांदीची मलमल करायची, मलमलीचं छिट करायचं. सुरतेच्या वखारीत बसलेल्या अडत्याच्या दृष्टीनं हे अगदी शब्दशः कापडच होतं.

इथपर्यंत गंमत आहे. पुढे नाही. १७६५ साली शाह आलमकडून बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी कंपनीला मिळाली. त्याआधी माल घ्यायला इंग्लंडहून चांदी आणावी लागे. दिवाणीनंतर बंगालच्या रयतेकडून वसूल केलेल्या महसुलातलाच एक भाग बाजूला काढून त्यातून बंगालचा माल विकत घेतला जाऊ लागला आणि जहाजात भरला जाऊ लागला. शेतकऱ्याचा पैसा, विणकराचं कापड, दोन्ही बंगालचं. इंग्लंडला गेलेल्या मालाच्या बदल्यात इकडे काहीच आलं नाही. या व्यवहाराचं कागदोपत्री नाव होतं: ‘इन्व्हेस्टमेंट’. एडमंड बर्क यांनी १७८३च्या संसदीय समितीच्या नवव्या अहवालात हे उलगडून दाखवलं, आणि हा व्यापार नसून व्यापाराच्या वेषातली खंडणी आहे अशा आशयाचं म्हटलं. म्हणजे शब्द वापरात होता तेव्हासुद्धा तो नीट समजावून सांगावा लागत होता.

आता माझं वाक्य वाचा, मराठीत: अमुक वर्षी कंपनीनं बंगालमधली आपली गुंतवणूक वाढवली. शेअर बाजार कळणारा आजचा वाचक यातून काय घेईल? परदेशी भांडवल आलं. उद्योग वाढला असेल. कोणी सांगावं, रोजगारही वाढला असेल. मूळ कागद म्हणतो आहे की त्या वर्षी बंगालमधून जास्त उचललं, आणि माझं मराठी म्हणतं आहे की बंगालमध्ये जास्त ओतलं. बाण उलटा. दादाभाई नौरोजींनी ज्या संपत्तीच्या ओघाचा हिशेब आयुष्यभर मांडला, तो ओघ मी एका शब्दानं उलट्या दिशेला वळवला, आणि तेही तो कारकून काही लपवत नसताना. त्यानं प्रामाणिकपणे आपला शब्द लिहिला होता. खोटं मी बोलले.

हे फक्त माझ्या वहीत राहिलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. ते वाक्य, माझ्या नावासकट, आता स्पर्धा परीक्षांच्या एका मार्गदर्शकात आहे. तिथून ते कुठे कुठे गेलं असेल याचा मागोवा घ्यायचं धैर्य माझ्यात नाही.

प्रकाशकांना कळवलं. उत्तर सौजन्याचं होतं: दुसरी आवृत्ती निघाली तर पाहू. आणि एक सल्लाही होता, की वाचकाला ‘गुंतवणूक’ पटकन कळतं, ‘निर्यातीसाठी मालखरेदी’ अडखळवतं. हा युक्तिवाद मी तेव्हापासून अनेक संपादकांच्या तोंडून ऐकला आहे. वाचक अडखळू नये. का नाही अडखळू? जिथे काळ बदलला आहे तिथे वाचकाच्या पायाला उंबरठा लागलाच पाहिजे. भाषांतर सहज वाचलं जातं याचा अर्थ ते बरोबर आहे असा नव्हे. माझं वाक्य अतिशय सहज वाचलं जातं.

एक आक्षेप रास्त आहे, त्याला उत्तर देते. काहींना वाटेल मी व्युत्पत्तीची कर्मठ आहे, शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ तोच खरा मानणारी. मुळीच नाही. ‘नाइस’ हा लॅटिन ‘नेस्कियस’मधून, म्हणजे ‘अजाण’ या अर्थातून आला. मध्ययुगीन इंग्रजीत तो मूर्खाला लावत, मग चोखंदळाला, मग नेमकेपणाला, आणि पुष्कळ उशिरा ‘छान’ला. म्हणून आज कुणी तुम्हाला ‘नाइस’ म्हटलं तर रागवायचं कारण नाही. ‘सिली’चा प्रवास उलटा: धन्य, मग निष्पाप, मग बिचारा, मग बावळट. यातला कुठलाच अर्थ दुसऱ्याहून अधिक खरा नाही. प्रश्न फक्त एवढाच की समोरचं पान लिहिलं गेलं त्या वर्षी तो शब्द प्रवासात कुठल्या स्टेशनवर होता. व्युत्पत्तिशूर मंडळींचा तर मला भारी कंटाळा आहे, विशेषतः जे प्रत्येक इंग्रजी शब्द चार ओळींत संस्कृतात नेऊन पोचवतात त्यांचा. त्यांना फक्त मूळ हवं असतं, मधल्या शतकांशी देणंघेणं नसतं. भाषांतरकाराचं सगळं काम मधल्या शतकांत असतं.

आणि त्या शतकांत भाषेनं काय काय केलं तेही दिसतं. ‘व्हिलन’ हा मुळात जमीनदाराच्या वाडीवर राबणारा कुळवाडी. ‘बूर’ म्हणजे शेतकरी, ‘नेव्ह’ म्हणजे पोरगा, घरगडी. ‘लूड’ म्हणजे जो पाद्री नाही तो, म्हणजे न शिकलेला. आज चौघेही शिव्या आहेत: खलनायक, असंस्कृत, लबाड, कामुक. गरिबांची नावं एकेक करून दुर्गुणांची नावं कशी झाली हे यात कोरलेलं आहे. चौदाव्या शतकातल्या शेतमजुराला मराठीत ‘खलनायक’ म्हणणारा भाषांतरकार जमीनदाराच्या बाजूनं साक्ष देतो, आणि त्याला पत्ताही नसतो. (आपल्याकडे ‘गावठी’ हा शब्द मात्र सध्या उलट चढतो आहे, निदान अंड्यांच्या आणि कोंबड्यांच्या बाबतीत. भाव विचारून बघा.)

जिथे चुकीची किंमत लगेच मोजावी लागते तिथे माणसं बरोबर सावध असतात, हेही सांगायला हवं. १८६०च्या भारतीय दंड संहितेत ‘मिस्चिफ’ हा गुन्हा होता. आजच्या इंग्रजीत ती लहान मुलाची खोडी. कायद्यात मात्र दुसऱ्याच्या मालमत्तेची जाणूनबुजून केलेली हानी. मराठी अनुवादकांनी तिथे ‘खोडी’ लिहिलं नाही, ‘आगळीक’ लिहिलं. हिंदीवाल्यांनी तर ‘रिष्टि’ हा ठेवणीतला शब्द काढला. तुमच्या पासपोर्टच्या पहिल्या पानावर राष्ट्रपतींच्या नावानं जी विनंती छापलेली असते तीत ‘लेट’ आहे, आणि तो परवानगी देणारा ‘लेट’ नव्हे, अडवणारा. जुन्या इंग्रजीतली दोन वेगळी क्रियापदं, एक सोडण्याचं आणि एक रोखण्याचं, उच्चारात एक झाली आणि रोखणारं मेलं. हिंदी मजकुरात तिथे सरळ ‘बिना रोक-टोक’ आहे. पंडिता रमाबाईंनी बायबल मराठीत आणताना हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं. इंग्रजी त्यांना उत्तम येत होतं, तरी त्यावर विसंबल्या नाहीत. १६११च्या इंग्रजी बायबलवर जो विसंबेल त्याला लेवीय पुस्तकात ‘मीट’चं अर्पण भेटेल, आणि ते असतं पीठ आणि तेलाचं. ‘मीट’ म्हणजे तेव्हा अन्न, कोणतंही.

कायदा, पासपोर्ट, धर्मग्रंथ. इतिहास आणि साहित्य यांना मात्र आपण सैल सोडलं आहे, कारण तिथे चुकलं तर कुणी कोर्टात जात नाही. आणि आपला इतिहास, हे विसरू नका, मोठ्या प्रमाणात जुन्या इंग्रजीतच पडलेला आहे: मराठ्यांविषयीची वखारींची पत्रं, रेसिडेंटांचे अहवाल, जमाबंदीचे दफ्तर. इतकंच काय, जुना मराठी शब्द अडला की आपण मोल्सवर्थ उघडतो, आणि मोल्सवर्थ अर्थ देतो तो १८३१च्या, फार तर दुसऱ्या आवृत्तीच्या १८५७च्या इंग्रजीत. आपण आपला मराठी शब्द त्या इंग्रजीतून आजच्या इंग्रजीत आणि तिथून परत मराठीत आणतो, आणि वाटेत काय गळलं ते मोजत नाही.

यावर उपाय अवघड नाही, फक्त वेळखाऊ आहे, आणि वेळेचे पैसे कुणी देत नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि शेवटचा १९२८ साली, तो एवढ्याचसाठी की प्रत्येक अर्थापुढे तारीख असावी आणि मेलेल्या अर्थापुढे कट्यारीची खूण. जॉन्सनचा १७५५चा कोश आज कुणालाही फुकट बघता येतो. कंपनीच्या कागदांसाठी १८८६चा ‘हॉब्सन-जॉब्सन’ आहे, त्यात ‘फॅक्टर’ही आहे आणि ‘रायटर’ही. पण शब्दागणिक दर ठरलेला असताना जो शब्द ‘माहीतच आहे’ त्यासाठी अर्धा तास घालवणं म्हणजे स्वतःच्या खिशातून भरणं. मी म्हणते, प्रकाशकांनी जुन्या मजकुराचा दर वेगळा द्यावा, आणि हस्तलिखित इतिहास कळणाऱ्या एका तरी माणसाकडून वाचून घ्यावं. विद्यापीठांनी सिद्धांताच्या एका पेपरातले चार आठवडे कोश वाचायला द्यावेत. बिघडणार नाही काही.

सखाराम गणेश देउस्कर हे मराठी गृहस्थ बंगालीत लिहीत. १९०४ साली त्यांनी ‘देशेर कथा’मध्ये इंग्रजी राजवटीच्या आर्थिक लुटीचा हिशेब मांडला, आणि बाबूराव विष्णू पराडकर या दुसऱ्या मराठी गृहस्थांनी तो हिंदीत नेला. सरकारनं पुस्तकावर बंदी घातली. दोन भाषांमधून वाचकांपर्यंत पोचलेला तो हिशेब शंभर वर्षांनी एका मराठी बाईनं, एम.ए. असून, ‘गुंतवणूक’ लिहून बिघडवला, ही गोष्ट मला अजून झोपताना आठवते.

दुसरी आवृत्ती निघालेली नाही. गेल्या महिन्यात आमच्या वाचनालयात त्या पुस्तकाची प्रत हाती आली. पान ११२ काढलं, पेन्सिलीनं एक शब्द खोडला आणि समासात ‘मालखरेदी’ लिहिलं. ग्रंथपालबाई काउंटरवरून बघत होत्या. पुस्तकावर लिहिण्याचा दंड पन्नास रुपये. भरला, आणि पावती घेतली.